एकोणऐंशी टक्के

फोनमधल्या त्या पानावर एकोणऐंशी हा आकडा दिसला तेव्हा गुरुप्रसादांच्या हातात चहाचा कप होता. चहा न पिताच त्यांनी तो खाली ठेवला. गेल्या महिन्यात त्र्याऐंशी होते. त्याआधी, संक्रांतीच्या सुमारास, शहाऐंशी. हा आकडा चार्जचा नव्हता. चार्ज पूर्ण शंभर होता, तो तर त्यांच्या फोनचा कायमच शंभर असतो. हा आकडा बॅटरीच्या तब्येतीचा. नवी असताना ती जेवढं धरून ठेवायची, त्याच्या आता एकोणऐंशी टक्केच धरते, असा त्याचा अर्थ. खाली बारीक अक्षरांत दुरुस्तीवाल्याला दाखवण्याचा सल्लाही होता. दुसऱ्या कुणी मान हलवली असती, काय ही हल्लीची यंत्रं असं पुटपुटून चहा संपवला असता. पण गुरुप्रसादांनी टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी रूममध्ये एकतीस वर्षं काढली होती, आणि बॅटरी आपसूक म्हातारी होते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बॅटरीला कुणीतरी म्हातारं करतं. कुणाचा तरी हलगर्जीपणा असतो, कुणीतरी तिच्यावर न सांगता भार टाकलेला असतो. ते उठले, स्वयंपाकघराच्या खिडकीत पडलेला मंजिरीचा फोन उचलून त्यांनी तेच पान उघडलं. दोन्ही फोन एका खोक्यातून एकाच दिवशी आलेले, एकाच कंपनीचे, रंगसुद्धा एक. मंजिरीचा फोन कधी तीसवर, कधी अठरावर, आठवण झाली की ती लावणार आणि अर्ध्यात काढून घेणार. असा बेवारशी वाढलेला तो फोन, आणि त्याची तब्येत एक्क्याण्णव. गुरुप्रसादांच्या मनात पाल चुकचुकली. आपला फोन आपल्या मागे कुणीतरी वापरतंय. आणि दर्पण कॉलनीतल्या त्या घरात माणसं होती दोन.

बॅटरी रूमचं शास्त्र त्यांच्या अंगात मुरलं होतं. चोवीस सेल, प्रत्येकी दोन व्होल्ट, लाकडी घोड्यांवर दोन ओळींत मांडलेले. सकाळी आत शिरलं की आधी ॲसिडचा तो आंबट वास नाकात जायचा, मग डोळे चुरचुरायचे, आणि मग दिवस सुरू व्हायचा. काचेची नळी सेलमध्ये बुडवून पाणी वर ओढायचं, आतली तरंगती कांडी कुठे थांबते ते बघायचं, ॲसिडचा दाटपणा बाराशे दहा भरला तर नोंद करायची आणि पुढे सरकायचं. शर्टांना भोकं पडायची. मंजिरी लग्नानंतर पहिल्या महिन्यात म्हणाली होती, तुम्ही सरकारी नोकर आहात की उंदीर पाळले आहेत? या बॅटऱ्या वापरायच्या नसत, हीच त्यातली मुख्य गोष्ट होती. त्या तयार ठेवायच्या असत. रात्रंदिवस चार्जरला जोडलेल्या, काठोकाठ भरलेल्या, दाराशी बसलेल्या पहारेकऱ्यासारख्या जाग्या. शहराची वीज जायची, अर्धी लष्कर वस्ती अंधारात बुडायची, पण कानाला रिसिव्हर लावला की टोन यायचाच. कुणाच्या घरी कुणी आजारी असेल, कुणाला मुलगा झाला असेल, कुणाचा फोन येणार असेल, त्यातल्या एकालाही कळायचं नाही की मध्ये वीज गेली होती. गुरुप्रसादांना आयुष्यात कुठल्या एका गोष्टीचा अभिमान होता तर तो याचा. म्हणून घरातला फोनही त्यांनी त्याच शिस्तीत ठेवला होता. पॅसेजमध्ये इन्व्हर्टरच्या डोक्यावर एक फळी ठोकून घेतली, वीज गेली तरी चालू राहील असा प्लग तिथे काढला, आणि त्यावर फोन कायमचा जोडला. धूळ बसू नये म्हणून वर फ्लॅनेलचा दुहेरी तुकडा. फिरायला जाताना फोन बरोबर न्यायचा नाही, देवळात न्यायचा नाही. फोन ते तसे वापरतच नव्हते. दुपारी जेवण झाल्यावर, मंजिरी आडवी झाली की, फ्लॅनेल बाजूला करून तिथेच खुर्चीत बसायचं, पाच मिनिटं एक नाव उघडून बघायचं, आणि झाकून ठेवायचं. बस.

ते नाव अभिरामचं होतं. दोन वर्षांपूर्वी मंजिरीच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा बंगलोरहून तो यायचा होता. तिकीट काढलं होतं. मग त्याचा निरोप आला की ऑफिसात मोठं काम अडकलंय, दोन आठवड्यांनी येतो. ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, तो यायच्या जागी, कुरिअरवाला आला. खोक्यात दोन फोन आणि एक चिठ्ठी, की आता रोज समोरासमोर बोलता येईल. गुरुप्रसादांनी खोकं उघडलं, फोन चालू केला, सगळी जुळवाजुळव स्वतः केली, कारण यंत्राशी त्यांचं भांडण नव्हतं, आणि पहिलाच फोन मुलाला लावून, समोर त्याचा चेहरा नीट दिसू लागल्यावर म्हणाले, "आई मेली असती तर तिच्या तेराव्याला काय पाठवलं असतंस, टीव्ही?" अभिरामचा चेहरा एकदम कोरा झाला होता. तो काहीतरी म्हणाला, यांनी आवाज चढवला, त्यानेही चढवला, आणि शेवटी गुरुप्रसादांच्या तोंडून ते वाक्य गेलं: यापुढे या घरातून तुला फोन जाणार नाही आणि तुझा आला तर उचलला जाणार नाही. मंजिरी पलंगावर टाके घातलेल्या पोटावर हात ठेवून भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, ऐकलंस ना? ती म्हणाली, बरं. तेवढंच. आणि अभिराम? तोही बापाचाच मुलगा. त्याचाही फोन आला नाही. पहिला महिना गेला, पहिली दिवाळी गेली, मग दुसरी. फोन फळीवर शंभर टक्के भरून जागा होता, आणि वाजत नव्हता.

मंजिरीच्या त्या "बरं"ची गुरुप्रसादांनी पुढे पुष्कळ तपासणी केली. चाळीस वर्षांच्या संसारात ती बाई त्यांचं बोलणं तोंडावर कधी मोडत नसे आणि पाठीमागे कधी पाळत नसे. घरात मांजर नको म्हटलं, तर बरं म्हणाली. ते मांजर अकरा वर्षं मागच्या दारी दूध पिऊन आपल्या वयाने गेलं. तिची सुपारी बंद केली, बरं म्हणाली. सुपारीचा डबा बेसनाच्या बरणीत निघाला. मग एकुलत्या एका मुलाशी बोलू नको म्हटल्यावर ती खरोखरच गप्प बसेल, हे कुणाला पटलं असतं? दोन वर्षं त्यांनी हा विचार मनात येऊ दिला नव्हता, पण आकडा घसरू लागला तसा तो दार ढकलून आत आला आणि मांडी घालून बसला. तिच्या स्वतःच्या फोनवरून ती बोलणार नाही, कारण तिचा रिचार्ज तेच करत, कुणाला किती वेळ फोन गेला हे त्यांच्या नजरेखालून जायचं. पण त्यांचा फोन कोण तपासणार? फोन उघडायचा आकडा अभिरामच्या जन्माचं साल होतं. ते तिला विचारावं लागणार नव्हतं. पोलिसांच्याच घरात माल दडवावा, तशी ही युक्ती. त्यांनी केलेल्या फोनांची यादी उघडली. रिकामी. ती रिकामी यादी बघून त्यांची खात्रीच पटली. एवढं स्वच्छ आपोआप राहत नाही, कुणीतरी पुसलेलं असतं.

चैत्र सरला, वैशाख तापू लागला, आणि गुरुप्रसादांनी जुन्या डायरीत नोंदी सुरू केल्या. बाहेर जाताना फोनचं तोंड कुठल्या दिशेला, आल्यावर कुठल्या. हात लावून पाहिला तर गार, कोमट की गरम. बहुतेक वेळा गरम. बॅटरी रूममध्ये एखादा सेल शेजाऱ्यांपेक्षा गरम लागला की समजायचं, याच्यावर काहीतरी चाललंय. त्यांनी फ्लॅनेलच्या घडीत एक आगकाडी आडवी ठेवली; परत आले तर ती जमिनीवर पडलेली. मंजिरीला काही विचारलं नाही. विचारून काय मिळणार, पुन्हा बरं म्हणाली असती. पण आता तिच्या प्रत्येक हालचालीच्या पोटात दुसरीच गोष्ट असल्यासारखी वाटायला लागली. दार उघडायला ती पूर्वीपेक्षा उशीर लावते. शेजारच्या कुसुमताईंशी कुंपणावरून बोलत असली आणि हे आले, की दोघी थांबतात. एकदा पोळी वाढता वाढता ती सहज म्हणाली, "बंगलोरला जाम पाऊस झाला म्हणे, रस्त्यावर पाणी भरलं." गुरुप्रसादांचा घास हातातच राहिला. म्हणे? कोण म्हणे? त्यांनी मान वर केली नाही, भाजी मागितली. आणखी एकदा ती स्वतःशी गुणगुणत होती, आणि मंजिरी गुणगुणत नसे, निदान गेली दोन वर्षं तरी. हे सगळं त्यांनी डायरीत लिहिलं. लिहिताना कपाळाला आठ्या असत, हे खरं. पण त्या आठ्यांच्या खाली काय होतं ते त्यांनी स्वतःलाही नीट बघू दिलं नाही.

कारण त्याच दिवसांत त्यांचं फिरणं वाढलं. आधी कॉलनीला दोन चक्कर मारून पाऊण तासात परत येणारे गुरुप्रसाद आता दीड तास बाहेर राहू लागले. पाय दुखले की कुठल्या तरी कट्ट्यावर बसायचं, पण वेळेआधी घरी जायचं नाही. चोराला पुरेसा वेळ दिला की तो बेफिकीर होतो आणि मग सापडतो, असं त्यांचं त्यावरचं उत्तर होतं. मग परतताना फाटकाची कडी ते इतक्या जोरात का वाजवत? पायरीवर चपला आपटून, घसा खाकरून, दार वाजवण्याआधी आणखी क्षणभर उभे का राहत? पकडायला आलेला माणूस असा वर्दी देत येत नाही. कट्ट्यावर बसल्या बसल्या त्यांच्या डोक्यात एक संभाषण चालायचं, आणि ते फार जिवंत असायचं. अभिराम विचारतो, बाबा काय करतायत? मंजिरी म्हणते, करतात काय, फोन राखतात. तो हसतो. जेवतात ना? जेवतात, पण भेंडी केली की तोंड वाकडं. ब्लडप्रेशरची गोळी? मी हातात देते तेव्हा घेतात. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, अजून रागात आहेत का? इथे मंजिरी काय म्हणते ते त्यांना ऐकू येत नसे, आणि त्या एका उत्तरासाठी ते उठून आणखी एक चक्कर मारत. आपण फसवले जातोय, आपल्याच घरात, आपल्याच फोनवरून, ही गोष्ट त्यांना जिव्हारी लागायला हवी होती. ती लागली नाही. उलट त्या उन्हाळ्यात त्यांना भूक चांगली लागत होती, आणि कुसुमताई मंजिरीला म्हणाल्यासुद्धा, की भाऊसाहेबांची तब्येत सुधरून राहिली आहे.

ज्येष्ठ लागला तेव्हा फोन फळीवर डुगडुगायला लागला. सपाट पाठ असलेली वस्तू, ती एका कोपऱ्यावर दाबली की दुसरा कोपरा वर. नीट पाहिलं तर काच एका बाजूने नखभर उचललेली. आता दाखवणं भाग होतं. सकाळी उन्हाचा कडाका चढायच्या आत ते ई-रिक्षा करून नया बाजारला गेले. कपड्यांच्या दुकानांच्या ओळीत जिन्याखाली हर्षिताचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. शिंदे की छावनीतल्या मराठा घरातली ही तिशीची बाई, कपाळावर चढवलेलं भिंग, हातात चिमटा. तिने त्यांच्या फोनकडे एकदा बघितलं आणि चार्जरची वायर काढून बाजूला केली.

"काका, हा कुठे ठेवता तुम्ही? तंदूरमध्ये?"

"इन्व्हर्टरवर. फळी आहे."

"आणि चार्जिंग?"

"कायम," गुरुप्रसाद म्हणाले. स्वरात थोडा अभिमान होता. "दोन वर्षांत कधी शंभरच्या खाली जाऊ दिला नाही. वरून फ्लॅनेल घालतो."

हर्षिताने भिंग वर सरकवलं आणि त्यांच्याकडे टक लावून पाहिलं. "चोवीस घंटे? आणि वर कपडा? बापरे काका. ही लिथियमची बॅटरी आहे, हिला भूक पण लागू द्यावी लागते. तीस वर आली की लावायचं, अस्सी वर काढायचं. हमेशा पोट भरलेलं, खाली गरमी, वर रजाई, कोणी पण फुगेल. बघा, फूल के कुप्पा झाली आहे."

गुरुप्रसादांना ते पटलं नाही. एकतीस वर्षांचं शास्त्र जिन्याखालच्या दुकानात दोन वाक्यांत मोडीत निघत नसतं. त्यांनी काउंटरवर कोपर टेकलं, मागे कुणी नाही ना बघितलं, आणि आवाज खाली आणला. "ते असेल. पण मला वेगळा संशय आहे. माझ्या मागे हा फोन कुणीतरी वापरतं. रोज, तासन्‌तास. लांबचे कॉल. मग पुसून टाकतात. तुम्हाला आतलं दिसतं ना? ते काढता येईल?"

"कोण आहे घरी?"

"मी. आणि आमची मंडळी."

हर्षिताने त्यांच्याकडून आकडा टाकून घेतला, दोन-तीन पानं उलटली आणि फोन त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा. कॉल, झीरो. यादी पुसली तरी इथे मिनिटं राहतात. मागचे दहा दिवस, झीरो. कोणी कॉल नाही केला काका." तिचं बोट खाली सरकलं. "पण वापर आहे. मेसेजवालं ॲप, रोज दीड घंटा, पावणेदोन घंटे. दुपारी दोनला चालू होतं, पावणेचारला बंद. आणि मेसेज एक पण गेलेला नाही. बस उघडून ठेवलेलं आहे, फुल उजेडात, वायर लावून. दोन वाजता कोण असतं घरात?"

बाहेर कुणीतरी शटर वर ढकललं. गुरुप्रसाद फोनवरच्या, रोजचा वापर दाखवणाऱ्या पट्ट्यांकडे बघत राहिले. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळ्या जवळपास सारख्याच उंचीच्या. पाच मिनिटं, असं त्यांना वाटत होतं. जेवण झाल्यावर फक्त पाच मिनिटं. नाव उघडायचं, तो समुद्राकडे बघत पाठमोरा उभा आहे तो लहानसा फोटो मोठा करायचा, खांदे उतरले आहेत का ते बघायचं, तो शेवटचा कधी जागा होता ती वेळ बघायची, आणि नावाखाली तो आत्ता इथे आहे असा शब्द उमटला तर श्वास धरून तो शब्द जाईपर्यंत थांबायचं. याला वापर म्हणायचं, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मीच असतो," ते म्हणाले.

"मग ठीक आहे," हर्षिता म्हणाली, आणि तिने फोन आपल्या बाजूला ओढून घेतला. "तसा यानं नाही एवढा फरक पडत, असली मार गरमीचा आहे. फोन इथेच सोडा, फुगलेली बॅटरी घरी नाही नेत. उद्या शामपर्यंत नवीन टाकून देते."

परतीच्या रिक्षात त्यांचा हात दोनदा खिशाकडे गेला. फोन खिशात ते कधी ठेवतच नव्हते, तरी. बॅटरी आपल्याच हातांनी मारली, ही लाजिरवाणी गोष्ट होती, पण ती बाजूला पडली होती. त्यांना बोचत होतं ते दुसरंच. कुणी बोलत नव्हतं. भेंडीचं कुणी सांगितलं नव्हतं, गोळीचं कुणी विचारलं नव्हतं, कट्ट्यावर बसून ऐकलेला तो सगळा संवाद त्यांचा एकट्याचा होता. दोन वर्षांत या घरातून अभिरामकडे एक शब्द गेला नव्हता. तो तिकडे काय खातो, आजारी पडला होता का, बाप जिवंत आहे हे त्याला कुठून कळत असेल, कळत असेल का? आपण एवढं मोठं दार धाडकन लावून घेतलं ते केवळ या भरवशावर, की मंजिरी मागची खिडकी उघडी ठेवीलच. ती ठेवते, नेहमी ठेवते. दर्पण कॉलनीचं वळण आलं तेव्हा त्यांनी संशयाचा शेवटचा धागा पकडला. कुसुमताई. त्यांच्या फोनवरून बोलत असेल. म्हणून तर दोघी आपल्याला बघून थांबतात. हे नक्की असंच असणार, आणि तसं असू दे, असं ते चक्क मनातल्या मनात देवाला म्हणाले.

मंजिरी जमिनीवर पाट घेऊन बसली होती, पुढ्यात कैऱ्यांचा ढीग, साखरांब्यासाठी किस चालला होता. ते तिच्यासमोर स्टुलावर बसले.

"तू अभीशी बोलतेस ना?"

किसणी थांबली. "काय बोलले तुम्ही?"

"मी रागावणार नाही. कुसुमताईंच्या फोनवरून बोलत असलीस तरी चालेल. फक्त सांग. कसा आहे तो?"

मंजिरी त्यांच्याकडे बघत राहिली. उन्हात डोकं फिरलं की काय, असं ती बघत होती. "कुसुमताईंच्या फोनवरून मी का बोलेन? तुम्ही नको बोलले होते न."

"बंगलोरचा पाऊस तुला कुणी सांगितला?"

"टीव्हीने."

"फोन रोज हललेला असतो."

"रोज झाडते न मी ती फळी. इतकी धूळ उडते, ते मी नाही झाडणार तर कोण झाडेल?" मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिने किसणी पाटावरून उचलून बाजूला ठेवली. "तुम्हाला वाटून राहिलं होतं, मी बोलते त्याच्याशी? चोरून?"

"तू माझं कधी ऐकलंस आजपर्यंत?"

"हे ऐकलं." तिचा आवाज चढला नाही. "माझे टाके ओले होते. तुम्ही त्याला किती काय काय बोलले, आई मेली असती तर आणि काय. मी भिंतीकडे बघत होते. मला वाटलं, हे माझ्यासाठी भांडून राहिले आहेत. चाळीस वर्षांत माझ्यासाठी तुम्ही कोणाशी भांडले नव्हते. तर मग मी तुमचा शब्द कसा मोडू? पोटचा मुलगा आहे, पण नाही मोडला. रोज दहा वेळा हात जायचा. कुसुमताईंना बोलायची, तुम्ही आले की गप्प व्हायची, तुमच्यासमोर रडू येईल म्हणून. तुम्हाला कधीपासून वाटत होतं हे?"

"होळीपासून."

"म्हणून दीड-दीड तास फिरून येत होते?"

गुरुप्रसादांनी मान खाली घातली. खोटं बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. "तुला वेळ मिळावा म्हणून."

"म्हणजे तीन महिने तुमचे बरे गेले," मंजिरी म्हणाली. "माझे कसे गेले ते एकदा विचारा."

'कसे' एवढाच शब्द तोंडाशी होता, पण तो फार लहान होता, आणि तो उच्चारावा इतकी आपली लायकी नाही असं गुरुप्रसादांना वाटलं. हा माणूस कधी रडत नसे. आताही तो रडला नाही, फक्त स्टुलावरून उतरून बायकोसमोर खाली जमिनीवर बसला, गुडघे कुरकुरले, आणि कैरीचं पाणी धोतराला लागलं ते त्याने लागू दिलं. मंजिरीने पदराला हात पुसले. उठून खिडकीतला आपला फोन आणला आणि त्यांच्या हातात दिला.

"लावा."

"तू लाव."

"नाही. मी लावला तर मी तुमचा शब्द मोडला असं होईल. तुमचा तुम्ही मोडा."

तिच्या फोनमध्ये नाव नुसतं अभी असं होतं. त्यांनी ते दाबलं. एकदा वाजलं, दोनदा वाजलं. आत्ता, कामाच्या भर वेळी, तो उचलणार नाही, आणि का उचलावा, असं वाटून त्यांनी फोन कानापासून थोडा दूर नेला, तेवढ्यात पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला.

"आई? आई, बाबांना काय झालं?"

आवाज तोच होता, जरा जाड झालेला, आणि घाबरलेला. दोन वर्षांनी आईचा फोन आला म्हणजे त्याचा अर्थ एकच होतो, हे त्यांच्या आत्ता लक्षात आलं. तो जिने उतरत होता, श्वास ऐकू येत होता.

"आई, बोल न. मला खरं सांग. कुठल्या हॉस्पिटलमध्ये आहेत? ऐक, मी निघालो, मी निघालोय, दुपारचं विमान मिळेल मला. त्यांना सांग मी येतोय. आहेत न ते? आई?"

मंजिरी समोर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. गुरुप्रसादांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"अभी, मीच बोलतोय. मला काही झालेलं नाही, मी बरा आहे," ते म्हणाले. "तरी ये."